पाच दिवसांची कार्यशाळा संपली, आता पुढं काय?

(शाळेतलं विज्ञान या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरं दिली जातात. उत्तरं देणाऱ्या बाई तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी नंदुरबार तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवतो. मे महिन्यात एका मोठ्या विज्ञानसंस्थेत शिक्षकांच्या पाच दिवसांच्या कार्यशाळेला गेलो होतो. इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. प्राध्यापक आमच्याशी बरोबरीनं बोलत होते, प्रयोग आमच्याच हातानं करून घेत होते. जूनमध्ये परत आलो आणि त्यातले काही प्रयोग वर्गात केलेही. मग यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षण हे सगळं सुरू झालं. दिवाळीपर्यंत मी पुन्हा फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहून द्यायला लागलो होतो. कार्यशाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर आता फक्त सणांच्या शुभेच्छा येतात. तिथं भेटलेले कोल्हापूरचे एक सर फोनवर असतात, त्यांचंही असंच झालंय. मी कमी पडलो का? आणि आमच्यासारख्यांनी अशा संस्थांकडं नेमकं मागावं तरी काय?

उत्तर : सर, तुम्ही कमी पडला नाहीत. पाच दिवस भरभरून द्यायचं आणि नंतर वर्षभर कुणी विचारायलाही यायचं नाही, असं झालं तर कितीही जीव ओतणारा शिक्षक दिवाळीपर्यंत फळ्याकडं वळणारच. तुमची दुसरी भेट कधी, कुठं, कुणाबरोबर हे ठरलेलंच नव्हतं. ते ठरवणं हे विद्यापीठांचं आणि संशोधनसंस्थांचं काम आहे, आणि कार्यशाळा आखताना पहिल्याच बैठकीत ते ठरायला हवं.

हे मी ठामपणे म्हणते, कारण आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात ते करून दाखवलेलं आहे. भुसावळहून खंडव्यामार्गे वर गेलं की इटारसी जंक्शन लागतं. ते ज्या जिल्ह्यात आहे त्याचं जुनं नाव होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. १९७२ साली तिथल्या १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान वेगळ्या पद्धतीनं शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते काम उभं केलं आणि सरकारनं आपल्या शाळा त्यासाठी दिल्या. आधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आले, मग दिल्ली विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा मोठा गट आला. या कामासाठी तिथं जाऊन राहता यावं म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांना पाठ्यवृत्तीही दिल्या. विद्यापीठातला माणूस गावातल्या शाळेत गेला तर तो त्याच्या कामाचाच भाग आहे, हे आयोगानं तेव्हा मान्य केलं होतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मुलं चार-चारच्या टोळीनं प्रयोग करायची. फुलाचे भाग सोडवायला सुई नसेल तर बाभळीचा काटा वापरायचा. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात काय करून बघायचं ते असायचं, प्रश्न असायचे, पण तयार उत्तरं नसायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा असायची. सवालीराम नावाच्या एका काल्पनिक माणसाला मुलं पत्रं लिहायची, आणि प्रत्येकाला उत्तर जायचं.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातल्या कशातच नाही. ते आहे मासिक गोष्ठीत. उन्हाळ्यातलं प्रशिक्षण झालं की आसपासच्या शाळांचे शिक्षक दर महिन्याला एका ठरलेल्या शाळेत जमायचे. गेल्या महिन्यात वर्गात काय अडलं, कुठला प्रयोग फसला, मुलांनी असा कोणता प्रश्न विचारला की उत्तर सुचलं नाही, हे बोलायचं आणि पुढच्या महिन्याचे धडे स्वतः करून बघायचे. विद्यापीठातली, महाविद्यालयातली माणसं या बैठकांना येत. शिक्षकांनी काढलेल्या त्रुटींवरून धडे पुन्हा लिहिले जात. म्हणजे प्राध्यापक फक्त द्यायला येत नव्हते, त्यांना शिक्षकांकडून काहीतरी हवं होतं. १९७८ मध्ये हे काम जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत पोचलं, १९८२ मध्ये ते पुढं नेण्यासाठी एकलव्य ही संस्था निघाली. २००२ साली राज्य सरकारनं ते बंद केलं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, अजूनही वाईट वाटतं. तरी तीस वर्षं साध्या सरकारी शाळांत, साध्या सरकारी शिक्षकांनी ते चालवलं, हे कुणाला नाकारता येणार नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. आपल्याकडं दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होतेच. तिच्यातला एक तास केंद्रप्रमुखांकडून विज्ञानासाठी मागून घ्या. केंद्रातले चार-पाच विज्ञान शिक्षक पुरेत, जास्त नकोत. विषय एकच ठेवा: पुढच्या महिन्यात जो धडा आहे त्यातला प्रयोग आपण सगळ्यांनी आज करायचा. सेल, बल्ब, तांब्याची तार घेऊन प्रत्येकानं दिवा लावायचा. बऱ्याच शिक्षकांनी स्वतः तो कधी लावलेला नसतो आणि वर्गात तो लागला नाही तर काय, या भीतीनंच साहित्य कपाटात राहतं. माझ्या महाविद्यालयात आम्ही काही वर्षं शनिवारी दुपारी आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी प्रयोगशाळा उघडी ठेवायचो. सगळ्यांत जास्त वेळ जायचा तो सैल जोडण्या आणि उतरलेले सेल ओळखण्यात. पुस्तकात यातलं काही नसतं. आमचे प्रयोगशाळा परिचर ते माझ्यापेक्षा चांगलं शिकवायचे आणि शिक्षकही त्यांना मोकळेपणानं विचारायचे.

संस्थेकडं काय मागायचं, तर आधी एक माणूस मागा. प्रमाणपत्र, पेन ड्राइव्ह, पिशवीभर साहित्य हे सगळं नंतर. ज्याला महिन्यातून एकदा फोन करता येईल आणि जो ‘हे मलाही बघावं लागेल’ असं म्हणू शकेल, असा एक प्राध्यापक किंवा संशोधक विद्यार्थी. त्यानं वर्षातून एकदा तरी तुमच्या शाळेत येऊन मागच्या बाकावर बसावं, असंही लिहून कळवा. नुसतं लिहून थांबू नका, तारीख मागा. संस्थेला ते जमत नसेल तर जवळच्या महाविद्यालयाला हेच पत्र पाठवा. आणि कार्यशाळेच्या गटावर पुढच्या शुभेच्छेऐवजी एक फसलेला प्रयोग टाका, फोटोसकट. चर्चा कशी सुरू होते ते पाहा.

तुमच्या पत्रातल्या कोल्हापूरच्या सरांमुळं मला फार बरं वाटलं, कारण तुम्ही दोघं मिळून एक असा प्रयोग करू शकता, जो पुण्याच्या कुठल्याही प्रयोगशाळेत एकट्यानं होणार नाही. नकाशा काढा. नंदुरबार आणि कोल्हापूर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, ७४ अंशांच्या थोडं पुढं. एक राज्याच्या वरच्या टोकाला, दुसरं खालच्या. २२ डिसेंबरच्या सुमारास एका दिवशी दोन्ही शाळांत सपाट जमिनीवर एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करायची आणि सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपायचं. सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या आसपास मिळेल. बरोबर बाराला का नाही, हा प्रश्न मुलांना आधी पडू द्या. नंदुरबारला ती सुमारे ९९ सेंटिमीटर येईल, कोल्हापूरला सुमारे ८४. दोन्ही ठिकाणी मोठ्या कागदावर प्रमाणात काटकोन त्रिकोण काढून वरचा कोन कोनमापकानं मोजायचा. दोन कोनांतला फरक साधारण पावणेपाच अंश येतो. नकाशावरून दोन गावांतलं सरळ अंतर काढा, ५२० किलोमीटरच्या जवळपास भरेल. इतक्या अंशांना इतके किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? आठवीच्या मुलाला हे त्रैराशिक येतं, आणि उत्तर ४० हजार किलोमीटरच्या आसपास यायला हवं. तो पृथ्वीचा घेर. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसनं याच युक्तीनं तो काढला होता.

उत्तर पहिल्यांदा बरोबर येईलच असं नाही. कोन मोजताना अर्ध्या अंशाची गफलत झाली, तर घेर चार हजार किलोमीटरनं इकडंतिकडं होतो. काठी किंचित कलली किंवा सावलीची कड पुसट असली तरी तेच. मग मुलं कोल्हापूरच्या मुलांना फोन लावून विचारतील की तुमची काठी सरळ होती का. हे भांडण होऊ द्या. आणि त्या वेळी त्या संस्थेतल्या प्राध्यापकांना फोन करा. चूक कुठून आली, किती आली, ती कमी कशी करायची, हे ज्यांचं रोजचं काम आहे त्यांना तुमच्या मुलांचे आकडे पाठवा. मला खात्री आहे, ते उत्तर देतील. उपकार म्हणून नाही, तर आकडेच तसे आहेत म्हणून.

प्रश्न : नमस्कार ताई. मी हिंगोली जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी बारावी विज्ञानला आहे, जीवशास्त्र घेतलंय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिच्या कॉलेजात एक संशोधक ताई व्याख्यानाला आल्या होत्या, त्यांनी आयसरचं नाव सांगितलं. तेव्हापासून हिला डॉक्टर व्हायचं नाही, संशोधन करायचंय. आमच्या घरात कुणी पदवीपर्यंत गेलेलं नाही. ते काय असतं, खर्च किती, इंग्रजीत निभेल का, पुढं नोकरी लागते का, काहीच कळत नाही.

उत्तर : ताई, एका व्याख्यानानं तुमच्या मुलीला वाट दिसली, हे त्या संशोधक मुलीपर्यंत पोचवा. कॉलेजातून तिचा पत्ता मिळेल. तुमच्या लेकीनंच तिला पत्र लिहावं. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडं आहेत, कारण ती त्यातून गेलेली आहे.

आयसर म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. देशात अशा सात आहेत, आपल्याला जवळची पुण्यात पाषाणला, २००६ साली सुरू झालेली. बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम असतो आणि पदवीचे विद्यार्थी प्रत्यक्ष संशोधनात भाग घेतात. प्रवेशासाठी आयएटी ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. तीन तास, ६० प्रश्न, जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या: हिनं गणित सोडलं असलं तरी परीक्षेत गणिताचे १५ प्रश्न असतातच. तेव्हा अकरावीचं गणिताचं पुस्तक आजच कुणाकडून तरी आणा. फॉर्म साधारण वसंतात निघतात, त्यांची मुदत आणि त्या वर्षीचे नियम आयसरच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्यानं सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका.

खर्चाचं: शुल्क आणि वसतिगृह धरून दर वर्षी रक्कम लागते, पण शुल्कमाफी आणि शिष्यवृत्त्या आहेत. त्यासाठी उत्पन्नाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा, निकालानंतर तहसीलला रांगा लागतात. बारावीला मंडळाच्या वरच्या १ टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांपर्यंतची. त्या वर्षीचे नियम तपासून अर्ज करा. नोकरीचं खरं सांगायचं तर पाच वर्षांनंतर लगेच पगार सुरू होईल असं धरून चालू नका. बरीच मुलं पुढं पीएचडीला जातात. मात्र पीएचडी करताना राष्ट्रीय फेलोशिप म्हणजे संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, २०२३ पासून हा दर आहे. घरून पैसे मागावे लागत नाहीत. काही मुलं उद्योगात, काही अध्यापनात जातात.

इंग्रजीबद्दल तुम्हाला एक जुनी हकिकत सांगते. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. नाना चौकातल्या महापालिका शाळेत ते भरायचं. वि. गो. कुलकर्णी तिथले संचालक. १९८० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या दलित मुलांबरोबर काही वर्षं काम केलं. ज्यांच्या घरात शाळेचं तोंड पाहणारी ही पहिलीच पिढी, अशी मुलं. त्यांना असं दिसलं की मुलांची समज कमी नव्हती, पुस्तकाची भाषा आडवी येत होती. भाषा सोपी केली, मुलांना बोलतं केलं, तशी त्यांची शाळेतली प्रगती सुधारली. आणि ती मुलं तर मातृभाषेतच शिकत होती. तेव्हा पहिल्या सहामाहीत तुमच्या मुलीला व्याख्यानं जड गेली, तर ते तिच्या बुद्धीचं माप नाही, हे तुम्ही आत्ताच तिला सांगून ठेवा. तयारी म्हणून तिनं जीवशास्त्राचा रोज एक परिच्छेद इंग्रजीत वाचून तुम्हाला मराठीत समजावून सांगावा. तुम्ही प्रश्न विचारा. अंगणवाडीतल्या पोरांना सांभाळणाऱ्या बाईला प्रश्न विचारता येतात, हे मला माहीत आहे.

आणि आयसर मिळालं नाही तर? जवळच्या चांगल्या महाविद्यालयात बीएस्सी करायचं. याच होमी भाभा केंद्रानं २००४ पासून एनआययूएस नावाचा उपक्रम चालवला आहे. साध्या महाविद्यालयांतल्या पदवीच्या मुलांना सुट्टीत मुंबईत मानखुर्दला, केंद्राच्या आताच्या जागी, जाऊन शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करता येतं. देशातल्या विज्ञान अकादमी दर उन्हाळ्यात पाठ्यवृत्ती देतात, दोन महिने कुठल्यातरी मोठ्या प्रयोगशाळेत. बीएस्सीच्या अनेक मुलांना यांचा पत्ताच नसतो. तुम्हाला आता आहे.

प्रश्न : मॅडम, मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, नोकरीला नवीनच लागले आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही आसपासच्या शाळांतली मुलं बोलावतो. पोस्टर, रांगोळी, रंग बदलणारे प्रयोग. मुलं खूश होतात. यंदा हे मोठं करा असं प्राचार्य म्हणताहेत. काय करावं?

उत्तर : मुलं खूश होतात ही छोटी गोष्ट नाही, तो दिवस ठेवा. पण मोठं करू नका, लांब करा. त्या दिवशी शाळेचे शिक्षक काय करत असतात ते आठवा: मागं उभं राहून रांगा सांभाळतात. यंदा त्यांना डिसेंबरमध्येच प्रयोगशाळेत बोलवा, फक्त त्यांना, आणि २८ फेब्रुवारीला मुलांसमोर प्रयोग त्यांनीच करावेत असं ठरवा. तुमचे विद्यार्थी मदतीला. त्यानंतर मार्चपासून महिन्यातला एक शनिवार शिक्षकांसाठी. रंग बदलणाऱ्या प्रयोगातही मुलांच्या हाती जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क द्या. लिंबू, साबण, सोडा, चुन्याची निवळी घेऊन घरी जाऊन त्यांना तोच प्रयोग आईला दाखवता येईल. कोकम आगळही तपासून बघू देत.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगायचे की एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि ते खरोखर उत्तर पाठवायचे. त्यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात पु. ल. देशपांडे यांच्या नावच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली. तिथं अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांच्या आकृत्या त्यांना १९७८ मध्ये सुचल्या, त्या वर सांगितलेल्या होशंगाबादच्या कामात असताना. पोस्टकार्डाची पद्धत मात्र तुम्हाला इमारतीशिवाय उद्याच सुरू करता येईल. प्रत्येक मुलानं जाताना एक प्रश्न लिहून द्यावा, तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी वाटून घेऊन महिन्याभरात शाळेच्या पत्त्यावर उत्तरं पाठवावीत आणि पोस्टात टाकण्याआधी तुम्ही ती वाचावीत.

शेवटचं, पण विसरू नका: कार्यक्रम दुपारी दोनला आटपा. तुमच्याकडं वाडीवस्तीवर जाणाऱ्या एसट्या मोजक्या, आणि एकदा का मुलगी अंधारात घरी पोचली की पुढच्या वर्षी घरचे तिला पाठवत नाहीत. तारीख ठरवायच्या आधी आगारातून वेळापत्रक मागवून घ्या.